शेन वॉटसन : गोलंदाजी सोडली असती तर?

कृष्णाकाठ

मंडळी,

गेले दोन आठवडे आमच्या घरात ऑस्ट्रेलियाचा अष्टपैलू क्रिकेटपटू शेन वॉटसन याच्याशिवाय दुसरा विषय नाही. कारण सांगतो.

माझा भाचा सतरा वर्षांचा आहे. सांगलीत क्लबकडून खेळतो. नवा चेंडू टाकतो आणि पाचव्या नंबरला बॅटिंगला येतो. दिवाळीनंतर त्याची कंबर दुखायला लागली. आधी बाम, मग शेक, मग गोळ्या असं महिनाभर चाललं. शेवटी एमआरआय काढला तर कमरेच्या मणक्याला स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला गेलेला तडा. डॉक्टरांनी सांगितलंय, चार महिने चेंडू हातात घ्यायचा नाही. त्यात ओळखीतल्या एका प्रशिक्षकांनी सल्ला दिला की गोलंदाजी कायमची सोड, तुझी बॅटिंग चांगली आहे, कशाला शरीराची वाट लावतोस. तेव्हापासून पोरगं गप्प आहे. किट बॅग पलंगाखाली सरकवून दिलीये.

मग मी त्याला वॉटसनची गोष्ट सांगायला बसलो. हाच सल्ला त्यालाही अख्ख्या ऑस्ट्रेलियाने वर्षानुवर्षं दिला होता. २००२ मध्ये एकदिवसीय पदार्पण, वय वीस. २००३ च्या वर्ल्डकपसाठी निवड झाली आणि पाठीच्या स्ट्रेस फ्रॅक्चरमुळे तो घरी राहिला. २००५ च्या जानेवारीत सिडनीला पहिली कसोटी. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्रिस्बेनला वेस्ट इंडिजविरुद्ध चेंडू अडवायला सूर मारला आणि खांदा निखळला. २००६-०७ ची घरची अॅशेस (इंग्लंडविरुद्धची कसोटी मालिका) मांडीच्या मागच्या स्नायूने खाल्ली. २००७ च्या वर्ल्डकपमध्ये पोटरी गेली, तरी परत येऊन खेळला. नोव्हेंबर २००५ ते ऑक्टोबर २००८ या काळात एकही कसोटी नाही! ज्या वयात खेळाडू घडतो ती तीन वर्षं.

तरी तो गोलंदाजी सोडायला तयार झाला नाही. माझं मत स्पष्ट आहे: सोडली नाही तेच बरं केलं. चेंडू हातातून गेला असता तर वॉटसन वॉटसन राहिला नसता. पण घरात माझं एकट्याचं मत आहे. तुम्हाला काय वाटतं? २००६-०७ च्या सुमारास त्याने नुसता फलंदाज व्हायचं ठरवलं असतं तर त्याची कारकीर्द मोठी झाली असती का?

---

मधुरा_नि

वाचतेय. भाच्याला लवकर बरं वाटू दे.

---

थर्डमॅन

कृष्णाकाठ, तुमच्याशी शंभर टक्के सहमत. २००८ ची पहिली आयपीएल आठवा. तेव्हा तो ऑस्ट्रेलियाच्या संघाबाहेर होता. राजस्थान रॉयल्सने घेतला, वॉर्न कर्णधार. ४७२ धावा आणि १७ विकेट्स, मालिकावीर. फायनल नवी मुंबईत डी. वाय. पाटीलला झाली. ते सगळं नुसत्या बॅटिंगवर झालं नसतं. वॉर्न त्याला मोक्याच्या षटकाला चेंडू द्यायचा, आणि त्या विश्वासावरच पोरगा उभा राहिला. त्यानंतर लगेच ऑस्ट्रेलियाचं बोलावणं आलं आणि वेस्ट इंडिजमध्ये, ग्रेनाडाला, सलामीला येऊन १२६.

---

कसोटीप्रेमी

मी उलट बाजूने बोलतो, राग मानू नका.

५९ कसोटी, ३७३१ धावा, सरासरी ३५.१९, शतकं फक्त चार. ७५ विकेट्स ३३.६८ च्या सरासरीने. हे आकडे वाईट नाहीत, पण ज्याच्याकडे असा सरळ बॅटचा ड्राइव्ह आणि असा पुल होता त्याचे हे आकडे असावेत का? त्याच देशाचा कीथ मिलर घ्या. ५५ कसोटी, म्हणजे जवळपास तेवढ्याच. २९५८ धावा ३६.९७ ने आणि १७० विकेट्स २२.९७ ने. मिलरचीही पाठ कायम दुखायची, महायुद्धात विमानातून उडत होता तेव्हापासूनची.

वॉटसनच्या बॅटिंगला त्याच्या गोलंदाजीने ग्रहण लावलं. दिवसभरात पंधरा षटकं टाकायची आणि संध्याकाळी पॅड बांधून सलामीला जायचं. पन्नाशीनंतर तो बाद का व्हायचा याचं उत्तर मला तिथे दिसतं. पहिलं कसोटी शतक व्हायच्या आधी त्याच मोसमात ८९, ९६, ९३ वर बाद झालाय. शेवटी २००९ च्या बॉक्सिंग डे कसोटीत पाकिस्तानविरुद्ध नाबाद १२० केले तेव्हा कुठे सुटका झाली. नुसता फलंदाज असता तर पंधरा शतकं नक्की होती.

---

लेगबाय

पन्नाशीनंतर तो का बाद व्हायचा? पुढचा पाय, अजून काय! तो पाय सरळ मिडल स्टंपसमोर यायचा, चेंडू आत आला की पॅडवर थाप, अंपायरचं बोट वर, आणि वॉटसनचे दोन्ही हात रिव्ह्यू मागायची टी ची खूण करायला तयार. आमच्या सोसायटीत आजही कुणी पायचीत झाल्यावर भांडलं तर पोरं ओरडतात, "वॉटसन, रिव्ह्यू संपला!"

---

कसोटीप्रेमी

लेगबाय 😄 मान्य. शेवटची कसोटी २०१५ ची कार्डिफ, आणि दोन्ही डावांत पायचीतच.

---

फिजिओ_अनुजा

मी स्पोर्ट्स फिजिओ आहे, रोज अशीच मुलं बघते. वॉटसनवरचं मत नंतर देते, आधी भाच्याबद्दल.

उजव्या हाताने वेगवान गोलंदाजी करणाऱ्याला हे फ्रॅक्चर बहुतेक वेळा कमरेच्या खालच्या मणक्यात आणि डाव्या बाजूला होतं. चेंडू सोडताना काय होतं बघा. डावा पाय आपटतो, शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार वर येतो. त्याच क्षणी कंबर मागे वाकलेली असते, डावीकडे झुकलेली असते आणि वळतही असते. मणक्याच्या मागच्या बाजूला हाडाचा एक अरुंद पूल असतो, सगळा मार त्याच्यावर बसतो. एका चेंडूने काही होत नाही. पण आज साठ, उद्या साठ, परवा मॅच, असं चाललं की हाडाला भरून यायला वेळच मिळत नाही. सतराव्या वर्षी ते हाड अजून पक्कं झालेलं नसतं, विशीच्या सुरुवातीपर्यंत त्याचं पक्कं होणं चालूच असतं. म्हणून वॉटसनचं, ऑस्ट्रेलियाच्याच पॅट कमिन्सचं, सगळ्यांचं दुखणं त्याच वयातलं आहे. त्यांचा जुना वेगवान गोलंदाज डेनिस लिलीलाही १९७३ मध्ये हेच झालं होतं.

आता महत्त्वाचं. बाम लावून महिना गेला असं तुम्ही लिहिलंत, हे मी रोज ऐकते. वेगवान गोलंदाज मुलाने एका बाजूची कंबर दुखते म्हटलं, आणि एका पायावर उभं राहून मागे वाकल्यावर ती कळ वाढली, तर त्याच दिवशी गोलंदाजी थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. साध्या एक्सरेत सुरुवातीचं काही दिसेलच असं नाही, एमआरआयमध्ये दिसतं. तुमच्या डॉक्टरांनी योग्य तेच केलंय. चार महिने म्हणाले असतील तर चार महिनेच. साडेतीन नाही.

आणि नाही, यासाठी गोलंदाजी कायमची सोडावी लागत नाही. बहुतेक मुलं परत येतात. पण घाईने आलेली मुलं परत माझ्याकडेच येतात.

---

कृष्णाकाठ

अनुजाताई, मनापासून आभार. हे सगळं मी त्याला जसंच्या तसं वाचून दाखवलं. "हाडाचा पूल" हे त्याला पटलं. पहिल्यांदाच त्याने स्वतःहून प्रश्न विचारला: वॉटसनने मग नक्की काय बदललं?

---

फिजिओ_अनुजा

चांगला प्रश्न आहे. २००७ च्या सुमारास तो ब्रिस्बेनच्या व्हिक्टर पोपोव्ह नावाच्या फिजिओकडे गेला. तोवर वॉटसन जिममध्ये प्रचंड वजनं उचलायचा. दंड, छाती, मांड्या, सगळं पहिलवानासारखं. दुखापत झाली की त्याचं उत्तर एकच, अजून मेहनत. पोपोव्हने ते जड वजन उचलणं थांबवलं आणि पिलाटिससारख्या व्यायामांवर आणलं. म्हणजे पोट, कंबर, नितंब यांचे आतले छोटे स्नायू, श्वास, तोल. दिसायला अगदी साधं. माझ्याकडची मुलं पहिल्या दिवशी म्हणतात, "मॅडम, हे तर आजीचे व्यायाम आहेत." पाचव्या मिनिटाला थरथरायला लागतात.

दुखापती तेवढ्याने संपल्या नाहीत. २००८ च्या शेवटी पाठीने पुन्हा दगा दिला, पुढे पोटऱ्या गेल्या. पण त्याची सगळी मोठी वर्षं त्या बदलानंतरची आहेत.

---

ब्रिस्बेनकर

अनुजाताई, छान समजावलंत. मी गेली चौदा वर्षं ब्रिस्बेनला आहे. वॉटसन इथून पाऊण तासावरच्या इप्सविचचा. मात्र प्रथम श्रेणीचं पदार्पण केलं ते टास्मानियाकडून, क्वीन्सलंडकडून नाही. हे इथल्या माणसांना अजून थोडं लागतं.

माझा मुलगा इथे क्लबात अंडर-१५ खेळतो. वेगवान गोलंदाजी करणाऱ्या मुलांनी एका स्पेलला किती, दिवसाला किती आणि आठवड्याला किती टाकायचं याची वयानुसार मर्यादा ठरलेली आहे. नेट्समधले चेंडूही मोजायचे. दर गुरुवारी मुलगा घरी आला की फ्रिजवरच्या कागदावर आकडा लिहितो. परवा ५२ लिहून शेजारी कंसात "१० हळू" असं लिहिलं होतं. मी विचारलं, हळू का? म्हणाला, पाठ जड वाटत होती. तेरा वर्षांच्या मुलाला पाठ जड वाटतेय हे सांगता येतं, आणि सांगितल्यावर कुणी त्याला घाबरट म्हणत नाही. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

---

स्लोअरवन

ब्रिस्बेनकर, हे वाचून पोटात कालवलं. माझी गोष्ट सांगतो, भाच्याच्या कामी यावी म्हणून.

मी नाशिकचा. पंधरा वर्षांपूर्वी एकोणिसाव्या वर्षी जिल्ह्याच्या संघापर्यंत पोचलो होतो. कंबर दुखायची, पण सांगायचं कुणाला? आमचे कोच म्हणायचे, "फास्ट बोलरचं दुखणारच, दोन षटकं टाक, गरम झाला की राहील." आणि खरंच राहायची. दोन षटकांनंतर कळ जायची, म्हणून मला वाटायचं ते बरोबर बोलताहेत. एका निवड चाचणीत मॅटिंग विकेटवर सलग अकरा षटकं टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी मोजे घालायला वाकता येईना, आईने पायात मोजे घातले. तो आमच्या घरातला न बोलता गेलेला दिवस मला अजून आठवतो. त्यानंतर सहा महिने पट्टा बांधून फिरलो. परत आलो तेव्हा वेग गेला होता आणि मन त्याहून आधी गेलं होतं.

मी गोलंदाजी सोडली. बॅटिंग चालू ठेवली, पण दोन वर्षांत तीही सुटली. कारण मैदानावर गेलो की माझे डोळे गोलंदाजीच्या खुणेकडेच जायचे. म्हणून "फक्त बॅटिंग कर" हा सल्ला देणाऱ्याला तो वाटतो तितका सोपा नसतो. दोन्ही करणाऱ्या मुलाच्या एका हातातलं काढून घेतलं की दुसऱ्या हातातलंही सैल पडतं.

---

मधुरा_नि

स्लोअरवन 🙏 तुमच्या आईंचं वाचून डोळ्यांत पाणी आलं.

---

थर्डमॅन

+१. आणि कसोटीप्रेमी, बघा, हेच उत्तर आहे तुमच्या पंधरा शतकांना.

---

कसोटीप्रेमी

स्लोअरवन, मनापासून लिहिलंत, त्याला माझं काही उत्तर नाही. पण थर्डमॅन, एका माणसाचा अनुभव म्हणजे नियम नव्हे. वॉटसनचं मन खंबीर होतं. त्याला सलामी मिळाली तीच मुळी फलंदाज म्हणून. २००९ च्या अॅशेसमध्ये एजबॅस्टनला फिल ह्यूजला वगळून याला सलामीला पाठवलं तेव्हा सगळे हसले होते, सहाव्या-सातव्या नंबरचा माणूस सलामीला? त्याने ६२ आणि ५३ केले, पुढे हेडिंग्लीला ५१. त्याच वर्षी चॅम्पियन्स ट्रॉफीच्या सेमीफायनलला इंग्लंडविरुद्ध नाबाद १३६ आणि फायनलला न्यूझीलंडविरुद्ध नाबाद १०५. ही फलंदाजीच आहे ना?

---

जामठा

नागपूरकर इथे हजर.

२००८ च्या नोव्हेंबरमध्ये जामठ्याच्या नव्या स्टेडियमवरची पहिली कसोटी मी पाचही दिवस बघितली. वर्धा रोडने पार शहराबाहेर जावं लागायचं, स्टँड अर्धे रिकामे. लोकांना ती आठवते गांगुलीची शेवटची कसोटी म्हणून, किंवा ऑस्ट्रेलियाचा फिरकीपटू क्रेझाच्या पदार्पणातल्या बारा विकेट्ससाठी. गंभीर त्या मॅचला नव्हता, कारण आधीच्या दिल्ली कसोटीत त्याने वॉटसनलाच कोपर मारलं होतं आणि एका सामन्याची बंदी ओढवून घेतली होती.

मला मात्र वॉटसन आठवतो तो चेंडू टाकून परत खुणेकडे चालत जाताना. मी साइटस्क्रीनच्या बाजूला बसलो होतो. भरलेले खांदे, मान खाली, आणि प्रत्येक पाऊल मोजून टाकल्यासारखं. खेळपट्टी अशी की चेंडू गुडघ्याच्या वर येईना. तरी दर चेंडूला तोच रनअप, तोच जोर. माझ्या शेजारचे एक काका म्हणाले, "हा माणूस दुखणं सोबत घेऊन खेळते." पुढच्याच महिन्यात त्याच्या पाठीची बातमी आली तेव्हा मला त्या काकांची आठवण झाली.

---

गल्ली_ते_दिल्ली

दुखापतीचा विषय आणि कपिल देवचं नाव नाही? १३१ कसोटी खेळला आणि दुखापतीमुळे एकही चुकवली नाही. आपल्याकडे पाटा विकेटवर, चाळीस डिग्रीत, कुठलं पिलाटिस अन् कुठलं काय!

---

फिजिओ_अनुजा

कपिलची अॅक्शन बघा, किती वाहती होती. शिवाय प्रत्येक शरीर वेगळं असतं. कपिलला झालं नाही म्हणून इतरांना होऊ नये, हा हिशेब फार मुलांना महागात पडलाय. ज्यांची पाठ गेली ते घरी बसले, त्यांची नावं आपल्याला माहीतच नाहीत.

आजचं उदाहरण हवं तर हार्दिक. २०१८ ला दुबईत स्ट्रेचरवरून नेलं, पुढच्या वर्षी लंडनला पाठीचं ऑपरेशन, काही काळ गोलंदाजी जवळपास बंद. आणि २०२४ च्या टी-ट्वेंटी वर्ल्डकप फायनलचं शेवटचं षटक कुणी टाकलं?

---

थर्डमॅन

आणि कमिन्स! २०११ ला जोहान्सबर्गला अठराव्या वर्षी पदार्पण, सात विकेट्स, वर विजयी फटकाही त्याचाच. पुढची कसोटी थेट २०१७ ला रांचीत. मधली सव्वापाच वर्षं पाठीने खाल्ली. त्याला कुणी गोलंदाजी सोड म्हटलं असतं तर? भाच्याला हे सांगा.

---

लेगबाय

आणि ती होमवर्कची भानगड? मोहालीला २०१३ ला. वॉटसनवर अन्याय झाला असं मला तेव्हाही वाटलं होतं.

---

कसोटीप्रेमी

हैदराबादची कसोटी हरल्यावर प्रत्येकाने सुधारणेचे तीन मुद्दे द्यायचे होते. वॉटसन, जॉन्सन, पॅटिन्सन आणि ख्वाजा यांनी दिले नाहीत म्हणून चौघांनाही बसवलं. वॉटसन तेव्हा उपकर्णधार होता! उपकर्णधाराने शिस्त पाळायची नाही तर कुणी? मला ती कारवाई बरोबरच वाटली.

---

ब्रिस्बेनकर

इथे त्यावर महिनाभर वाद चालला होता. तीन मुद्द्यांसाठी कसोटी घालवायची? बायको पहिलटकरीण, तो त्याच वेळी घरी आला आणि मुलाच्या जन्माला हजर राहिला. मग परत भारतात गेला. कर्णधार क्लार्कची पाठ दुखावली म्हणून दिल्लीच्या कसोटीत ऑस्ट्रेलियाचा कर्णधार झाला. दोन आठवड्यांत हकालपट्टी, बाप आणि कर्णधार. मॅच हरले, पण तो परत गेला हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्याच वर्षी ओव्हलला १७६, त्याची कसोटीतली सर्वोच्च खेळी.

---

नीलमोहर

मी क्वचित लिहिते, पण या धाग्यावर एक गोष्ट राहतेय असं वाटलं.

सगळे हाडांबद्दल आणि स्नायूंबद्दल बोलताहेत. २५ नोव्हेंबर २०१४ ला सिडनीत फिल ह्यूजला चेंडू लागला तेव्हा वॉटसन मैदानावर होता, समोरच्या न्यू साउथ वेल्सच्या संघात. वर कसोटीप्रेमींनी लिहिलंय ना, २००९ ला ज्याच्या जागी हा सलामीला आला, तोच ह्यूज. दोन दिवसांनी तो गेला. वॉटसनने नंतर उघडपणे सांगितलंय की त्यानंतर बराच काळ आखूड चेंडूची भीती त्याच्या मनातून जात नव्हती. वेगवान चेंडू खेळण्यात ज्याचं आयुष्य गेलं, तो माणूस हे सगळ्यांसमोर बोलतो.

आता हे मनात ठेवून २०१५ च्या वर्ल्डकपची क्वार्टरफायनल पुन्हा बघा. अॅडलेड, पाकिस्तानच्या वहाब रियाझचा तो स्पेल. एकामागून एक अंगावर येणारे चेंडू, वहाब टाळ्या वाजवत समोर येतोय, वॉटसन कसाबसा वाकतोय. राहत अलीने झेल सोडला. सगळे वहाबचं कौतुक करतात आणि ते योग्यच आहे. पण मी समोरच्या माणसाकडे बघत होते. ह्यूजला जाऊन चार महिनेही झाले नव्हते. तो तिथून हलला नाही आणि नाबाद ६४ करून मॅच जिंकूनच परतला.

मला त्याच्या चार शतकांपेक्षा त्या ६४ धावा मोठ्या वाटतात.

---

कसोटीप्रेमी

नीलमोहर, हा विचार मी केला नव्हता. ती मॅच मी आज रात्री परत बघतो.

---

स्लोअरवन

असे प्रतिसाद येतात म्हणून या धाग्यांवर यावंसं वाटतं.

---

गहुंजे_एक्स्प्रेस

पुणेकरांना विसरू नका! आयपीएलमध्ये वॉटसन तेव्हा चेन्नईकडून खेळायचा. २०१८ ला कावेरीच्या आंदोलनामुळे चेन्नईच्या घरच्या मॅचेस आमच्या गहुंजेला आल्या. २० एप्रिलला राजस्थानविरुद्ध, म्हणजे त्याच्या जुन्या संघाविरुद्ध, ५७ चेंडूंत १०६. मी कुटुंबासह हजर होतो. पिवळे टीशर्ट घातलेल्या लोकांची ट्रेन भरून चेन्नईहून आली होती. निम्मं स्टेडियम "वॉट्टो, वॉट्टो" करत होतं आणि माझी मुलगी बाजूच्या तमिळ आजींकडून शिट्टी वाजवायला शिकत होती.

महिन्याभराने वानखेडेला फायनल. पहिल्या दहा चेंडूंवर शून्य! अकराव्या चेंडूला पहिली धाव. घरी सगळे चिडले होते, म्हातारा झाला, काढा याला. मग ५७ चेंडूंत नाबाद ११७. वय ३६.

त्याच मोसमात आपला केदार जाधवही आठवा. पहिल्याच मॅचला वानखेडेवर मांडीचा स्नायू गेला, लंगडत परत आला आणि शेवटच्या षटकात षटकार-चौकार मारून जिंकवलं. नंतर अख्खा मोसम बाहेर.

---

मधुरा_नि

आणि पुढच्या वर्षीचा गुडघा कसा विसराल! २०१९ ची फायनल, हैदराबाद. ५९ चेंडूंत ८०. पिवळ्या पँटवर गुडघ्याशी लाल डाग पसरत चाललाय आणि हा माणूस दोन-दोन धावा पळतोय. कुणाला सांगितलं नाही, थांबला नाही. दोन चेंडूंत चार हव्या होत्या तोवर पोचवून धावबाद झाला. पुढे शार्दूलने दोन घेतल्या आणि शेवटच्या चेंडूला मलिंगाने त्याला पायचीत केलं. एका धावेने हार. हरभजनने दुसऱ्या दिवशी सांगितलं, सहा टाके पडले. मी मुंबईची, मुंबई जिंकली म्हणून नाचायला हवं होतं. पण त्या रात्री मी वॉटसनसाठी रडले.

---

फिजिओ_अनुजा

मधुराताई, त्या डागाकडे बघून मीही हळहळले. पण भाच्यासाठी एक सांगते. जखमेतून रक्त येत असताना खेळणं वेगळं आणि हाडाला तडा असताना खेळणं वेगळं. पहिल्याला टाके पडतात, दुसऱ्याला वर्ष जातं. वॉटसनकडून शौर्य घ्यायचं असेल तर २०१९ चं नको, २००७ चं घ्या. त्या वर्षी त्याने स्वतःची सगळी पद्धत चुकली हे मान्य केलं आणि शून्यापासून सुरुवात केली. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना सगळ्यात अवघड हेच जातं.

---

कसोटीप्रेमी

रात्री ती अॅडलेडची मॅच पाहिली. मग झोप येईना म्हणून जुन्या मॅचेसची स्कोअरकार्डं चाळत बसलो. मूळ प्रश्नावर येतो.

२०११ चं केपटाउन. पाच षटकांत १७ धावा देऊन ५ विकेट्स, आफ्रिका ९६ ला आटोपली. (नंतर ऑस्ट्रेलियाच ४७ ला आटोपली हे ऑस्ट्रेलियन विसरायचा प्रयत्न करतात.) २०१० ला इंग्लंडमध्ये पाकिस्तानविरुद्ध लॉर्ड्सला पाच आणि हेडिंग्लीला सहा विकेट्स. २०१२ चा टी-ट्वेंटी वर्ल्डकप: स्पर्धेत सर्वाधिक २४९ धावा, शिवाय ११ विकेट्स, लागोपाठ चार वेळा सामनावीर. आणि शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना, २०१६ ला मोहालीत. आपल्या सगळ्यांना त्यातला कोहलीचा ८२ आठवतो. पण त्या दिवशी चौतिसाव्या वर्षी वॉटसनने पूर्ण चार षटकं टाकली आणि रोहित व रैना दोघेही त्यालाच गेले.

कसोटीतली शतकं वाढली असती, या मतावर मी अजून ठाम आहे. पण गोलंदाजी सोडली असती तर हे बाकीचं सगळं वजा करावं लागलं असतं. ते वजा करायला माझा हात होत नाही. थर्डमॅन, एवढं तुमचं खरं.

---

थर्डमॅन

कसोटीप्रेमी, पुण्यात आलात की मिसळ माझ्याकडून. आणि भाच्याला घेऊन या, कृष्णाकाठ.

---

कृष्णाकाठ

मंडळी, सगळ्यांचे आभार. धागा काढताना एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

घरची बातमी देतो. काल संध्याकाळी अनुजाताईंचे दोन्ही प्रतिसाद आणि स्लोअरवन यांचा अनुभव भाच्याने स्वतः वाचला. मोज्यांच्या ओळीशी बराच वेळ थांबला. मग आईला जाऊन म्हणाला, "मलाही महिनाभर बूट घालताना दुखायचं, मी सांगितलं नाही." बहीण काही बोलली नाही, त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली.

आज सकाळी फिजिओकडे पहिलं सेशन झालं. परत आल्यावर म्हणतो, "मामा, पाच मिनिटांत पाय थरथरले." चार महिने बॅटसुद्धा डॉक्टर सांगतील तेव्हाच. प्रशिक्षकांना मी स्वतः भेटून सांगणार आहे की गोलंदाजी सुटणार नाही, फक्त मोजून होईल.

दुपारी पाणी घ्यायला स्वयंपाकघरात गेलो तर फ्रिजवर वहीचा एक कागद चिकटवलेला. वर तारखा आखल्यात, एप्रिलपर्यंत. पुढे "चेंडू" असा रकाना, आणि आजपासून खाली ओळीने शून्य, शून्य, शून्य.

---

ब्रिस्बेनकर

कृष्णाकाठ, हा प्रतिसाद मुलाला वाचून दाखवला. तो विचारतोय, एप्रिलमध्ये पहिला आकडा लिहाल तेव्हा त्याला कळवाल का?

---

कृष्णाकाठ

नक्की कळवतो. इथेच लिहीन.